दिवाळीत जुळवलेला क्रॉलर, गणपतीपर्यंतचा हिशेब

बेलापूरच्या पारसिक हिलवर मी माझा क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारी रिमोटची छोटी गाडी, चालवतो. सकाळी फिरायला येणारे काका हमखास विचारतात, "किती पळते हो ही?" मी म्हणतो, "काका, तुम्ही हिच्या पुढे जाल." एकजण तरीही थांबले. गाडी गुडघाभर दगडाला नाक घासत, एकेक चाक चाचपत वर गेली तेव्हा म्हणाले, "आयला, चढली की!" आणि पुढच्या दमात, "पण एवढे पैसे?"

पैशांचंच सांगतो, कारण निम्मे चुकीच्या जागी गेले.

तयार गाडी न घेता दिवाळीच्या सुट्टीत सुटे भाग मागवले. १:१० ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, स्टीलची लॅडर फ्रेम, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३१३ मिलिमीटर, म्हणजे अ‍ॅक्सिअलच्या एससीएक्स१० टू या क्रॉलरचं माप. हे माप धरलं की पुढे कुठलाही भाग शोधताना डोकं खपवावं लागत नाही. फ्रेम कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, पण दोन भोकं जुळेनात आणि गोल कानशीने मोठी करावी लागली. तिथला रंग उडाला. जुलैत बरोबर त्याच जागी गंज धरला.

पहिली चूक मोटरची. ३५ टर्नची मंद वाटली म्हणून २१ टर्नची बसवली. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे; ते कमी तितका वेग जास्त, हे माहीत होतं. हळू चालवताना ती झटके देते आणि तापते, हे बोट लावल्यावर कळलं. आता ५५ टर्नची आहे. वेग हवा असेल तर टू-एसच्या (दोन सेलच्या) जागी थ्री-एस (तीन सेलची) बॅटरी लावतो. दगडावर ट्रिगर केसभर दाबला तर गाडी केसभरच सरकते, आणि मला तेवढंच हवं होतं.

खरा फरक वजनाने पडला. स्वयंपाकघरातला काटा पुढच्या चाकांखाली ठेवला, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं. मग उलट. पुढे १०५० ग्रॅम, मागे १२५०. म्हणजे गाडी आधीच मागे कललेली. चढावर ती उताणी पडणार नाही तर काय! बॅटरी मागच्या अ‍ॅक्सलवरून उचलून पुढे, रेडिएटरच्या जागी आडवी बसवली. पुढचे नकल, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे, पितळेचे घातले. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगच्या शिशाच्या पट्ट्या आणून पुढच्या दोन रिमांच्या आत प्रत्येकी ८० ग्रॅम चिकटवल्या. आता पुढे १५६०, मागे १०५०. साठ-चाळीस. प्लायच्या फळीवर काथ्याचं पायपुसणं ठोकून घरीच चढ केला आहे. पूर्वी ती चाळीस अंशाला उलटायची, आता पन्नासच्या पुढे जाते. वजन चाकात आणि अ‍ॅक्सलवर हवं, बॉडीवर नको. छतावर हौसेने लावलेला कॅरिअर आणि त्यावरची खोटी डिझेलची कॅन मी दुसऱ्याच आठवड्यात काढली. फोटोला छान दिसायची, एवढंच.

लिंकची, म्हणजे चाकांचा दांडा फ्रेमशी जोडणाऱ्या सळ्यांची, गोष्ट वेगळी. सोबत आलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या लिंक दगडावर आपटून डिसेंबरातच वाकल्या. वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडे ६ मिलिमीटरचा स्टेनलेसचा रॉड घेऊन गेलो. अडीच मिलिमीटरचं भोक, त्यात एम-३ चा आटा, दोन्ही टोकांना.

"कसल्या मशीनचं आहे?"

"खेळण्यातली गाडी आहे, दादा."

त्याने रॉडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "एसएसला टॅप तुटला तर तुमच्या खात्यावर," एवढंच बोलून काम हातात घेतलं. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तुटला नाही. पण एक लिंक मिलिमीटरभर आखूड निघाली. मिलिमीटरने काय होतंय म्हणून तशीच बसवली तर पुढचा अ‍ॅक्सल तिरका बसला, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढू लागली. शेवटी रॉड-एंडखाली, म्हणजे लिंकच्या टोकाच्या सांध्याखाली, एक वॉशर सरकवला.

टॉर्क ट्विस्ट पूर्ण गेला नाही. मोटरची ताकद चाकांकडे नेणारा ड्राइव्हशाफ्ट जोर लावतो तेव्हा चासी एका अंगाला पिळते आणि एक चाक हवेत तरंगतं. ज्या बाजूला ती बसते तिकडच्या मागच्या शॉकला थोडी कडक स्प्रिंग घातल्यावर निम्मं कमी झालं.

पावसाळ्याचं कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. टायर दबावा म्हणून त्याला भोक असतं; हवा बाहेर जाते, तशी डबक्यात पाणी आत येतं. आतला फोम स्पंजासारखा भिजतो आणि आपल्या चालीला चाक एवढं जोरात फिरतच नाही की ते पाणी उडून जाईल. दोन दिवस चाकं पंख्याखाली. बेअरिंग खोलून तेल दिलं नाही तर आठवड्यात करकरतात. आणि पाऊस लागून राहिला म्हणून पूर्ण चार्ज केलेली लायपो बॅटरी महिनाभर कपाटात ठेवली, ती पुरीसारखी टम्म फुगली. ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची, हे ती टाकून दिल्यावर पाठ झालं.

पिनियनच्या, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाच्या, सेट स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावाच. मी आळस केला. पिनियन मोटरच्या शाफ्टवर गरगरू लागली, गाडी दगडाच्या मध्यावर नुसती गुणगुणत उभी, आणि तो तांदळाएवढा स्क्रू मी गवतात अर्धा तास शोधला. शेवटी गाडी बगलेत मारून बेलापूरहून ठाण्याची लोकल पकडली.

येऊरला नेत नाही. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

सध्याची कटकट त्या पितळेचीच. पुढचं टोक जड झालं म्हणून चाकं वळवणारा प्लास्टिक गिअरचा सर्वो गेला. २५ किलो ताकदीचा, धातूच्या गिअरचा घेतला, तर चाक दगडात अडकलं की तो एवढा करंट ओढायचा की रिसीव्हर क्षणभर बंद पडायचा. सर्वोला वेगळा बीईसी, म्हणजे स्वतंत्र वीज देणारा सर्किटचा तुकडा, द्यावा लागला. आता नकलच्या बेअरिंगला खेळ आला आहे, चाक हाताने हलवलं की टकटक वाजतं. बेअरिंग मागवली आहेत. पितळ काढणार नाही.