रंधा मशीनच्या पात्यांसाठी दुहेरी जिग: कोन हमखास, सरळपणा मात्र काचेच्या हाती

प्लॅनर आणि जॉइंटर या लाकूड रंधणाऱ्या मशीनच्या पात्यांना घरीच धार लावण्यासाठी मिळणारा दुहेरी जिग (पाती ठरलेल्या कोनात धरणारा साचा) दिसायला अगदी साधा असतो. ॲल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांत कापलेली खाच आणि पाती आवळायला काही स्क्रू. दोन पाती समोरासमोर तिरपी बसतात, दोन्हींची धार खाली टेकते आणि हा सगळा जोड काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर (पाण्यासह वापरायच्या पॉलिश पेपरवर) घासायचा. बोथट झालेल्या पात्यांसाठी हे साधन उत्तम आहे. खांडलेल्या पात्यांसाठी ते घेऊ नये.

कारण सरळ आहे. 3 मिमी जाडीच्या पात्याचा 45 अंशांचा उतार, म्हणजे धारेकडची तिरपी बाजू, सुमारे 4.2 मिमी रुंद असतो. पाते 330 मिमी लांब असेल, तर तेवढ्या सगळ्या पट्ट्यावरचे हायस्पीड स्टील हाताने उतरवायचे. नुसता बोथटपणा काढायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पण खिळ्यावरून गेल्यामुळे 0.3 मिमी खोल खांड पडली असेल, तर अख्खी धार तेवढी मागे न्यावी लागते. हात दुखतो, पेपर संपतो आणि कंटाळून दाब वेडावाकडा पडायला लागतो. खांड एक-दोनच असतील, तर जॉइंटरमध्ये एक पाते 1 मिमी आडवे सरकवून बसवा. एका पात्याने सोडलेली उभी रेघ दुसरे पाते खरवडून काढते, धार लावायचे काम पुढे ढकलता येते.

जिग घेण्याआधी आपल्या पात्याचा कोन पाहा, कारण 45 अंश हा ठरीव कोन आहे. उतारावर मार्करची शाई फासायची, 400 च्या पेपरवर (आकडा मोठा तितका पेपर बारीक) दोन हात मारायचे. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन जुळला. फक्त धारेजवळ गेली तर पाते 45 पेक्षा कमी कोनाचे आहे. तरीही चालते, धारेशी एक बारीक दुसरा उतार तयार होतो. शाई फक्त टाचेकडून, म्हणजे उताराच्या धारेविरुद्धच्या कडेने, गेली तर धारेपर्यंत पोचायला खूप स्टील काढावे लागेल. अशा पात्यासाठी हा जिग नको.

आता खरी गोष्ट. जिग कोन सांभाळतो, धारेचा सरळपणा सांभाळत नाही. तो खालच्या पृष्ठभागाकडून येतो. निदान 8 मिमी जाडीची काच किंवा ग्रॅनाइटची सरफेस प्लेट हवी आणि तिला खालून सगळीकडे आधार हवा. पेपरची एक शीट 230 × 280 मिमीची असते. 330 मिमीचे पाते त्यावर लांबीच्या दिशेने पुढे-मागे घासले की मधला भाग कायम पेपरवर राहतो आणि टोके अधूनमधून बाहेर जातात. परिणामी मध्य जास्त झिजतो, धार पोटात आत जाते आणि रंधलेल्या फळीच्या मधोमध फुगवटा उरतो. म्हणून लांब काच घ्या आणि रोलमधली पट्टी पात्याच्या निदान दीडपट लांबीची कापा. पेपर पूर्ण चिकटलेला हवा. कडेने उचललेला पेपर धारेवर चढतो आणि तिला गोलसर करतो. एवढी जुळवाजुळव जमणार नसेल तर जिगवर खर्च करू नका.

पाती बसवताना स्क्रू ढिले ठेवून दोन्ही धारा काचेवर टेकवायच्या आणि मगच आवळायचे. दोन धारांमधले अंतर 60 मिमी असेल आणि एका पात्याची धार 0.5 मिमी वर राहिली, तर जिग जवळपास अर्धा अंश कलतो. मग एका पात्याची धार घासते, दुसऱ्याची टाच. पातळ, 1.5-2 मिमीची पाती स्क्रूच्या दाबाने वाकतात आणि धारेत लाटा येतात. तिथे स्क्रूखाली सरळ पत्र्याची पट्टी ठेवावी. हा जिगच्या घडणीतला दोष आहे. पट्टी सोबतच द्यायला हवी.

घासण्यापूर्वी केरोसीनने डिंक-राळ काढा, नाहीतर पेपर लगेच बुजतो. सिलिकॉन कार्बाइडचे पेपर 220, 400, 600, 1000 या क्रमाने वापरा. पाण्यात साबणाचा एक थेंब पुरतो. आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढच्या पेपरवर जायचे नाही. पाठीकडे बोटाला पूर्ण लांबीभर बर (घासल्याने वळलेली धातूची बारीक कड) लागली की उतार धारेपर्यंत पोचला. शेवटी पाते पाठीवर सपाट ठेवून 1000 वर तीन-चार हात मारून बर काढा. पाठ जरा जरी उचलली तरी धार गेली.

कटर हेडमध्ये (पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलात) तीन पाती असतील तर तिसऱ्याला जोडीदार नसतो. एकच पाते दोनदा वापरले तर ते जास्त झिजते. पात्यांवर क्रमांक टाका आणि प्रत्येक पेपरवर 1-2, 2-3, 3-1 अशा जोड्या सारख्याच हातांनी घासा. शेवटी छोट्या डिजिटल काट्यावर तिन्ही तोला. वजनात फरक राहिला तर हेड थरथरते.

याला पर्याय म्हणजे पाण्यातून हळू फिरणारे धारयंत्र. टॉर्मेकच्या टी-8 चा दगड 250 मिमीचा असून मिनिटाला सुमारे 90 फेरे फिरतो, आणि रंधापात्यांसाठी एसव्हीएच-320 हा वेगळा जोड मिळतो. खांडी काढायला ते सरस आहे, पण मांडामांड जास्त लागते आणि दगड सपाट नसेल तर तोच दोष पात्यात उतरतो. कोरड्या, वेगवान ग्राइंडरवर हातात धरून पाते घासणे मात्र टाळाच. पातळ धार जागोजागी तापते आणि सरळ रेषा राहत नाही.

पाती परत बसवताना प्लग काढलेला हवा आणि हेड लाकडी पाचरीने अडवलेले. गिबचे (पाते हेडमध्ये दाबून धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकदम आवळले की पाते वर सरकते. मग पाचर काढून जॉइंटरच्या मागच्या (रंधलेले लाकूड जिथे येते त्या) टेबलवर सरळ लाकडी पट्टी ठेवून हेड हाताने फिरवा. पाते पट्टीला सुमारे 3 मिमी पुढे नेईल इतके वर हवे, दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पात्याला तेवढेच. थोडे लाकूड रंधून झाल्यावर मशीन बंद करून, प्लग काढून स्क्रू पुन्हा तपासा.

पिनांवर बसणारी, दोन्ही बाजूंनी धार असलेली पाती या जिगमध्ये हलक्या हाताने एक-दोनदाच घासावीत. त्यांची उंची पिन ठरवते, त्यामुळे धार जितकी मागे जाईल तितके पाते हेडमधून कमी बाहेर येते आणि ते स्क्रूने वर घेता येत नाही.