फिंगरस्मिथ : भूत नाही, तरी हवेली झपाटलेलीच

सारा वॉटर्स यांची ‘फिंगरस्मिथ’ (२००२) हाती घ्याल तेव्हा मलपृष्ठ वाचू नका. कादंबरी तीन भागांत आहे आणि पहिल्या भागाच्या शेवटी जे घडतं, त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. ते आधी कळलं तर अर्धी गंमत गेलीच.

साल १८६२. लंडनच्या लँट स्ट्रीटवर, चोरीचा माल घेणाऱ्यांच्या घरात वाढलेली सू. दुसरीकडे ‘ब्रायर’ नावाच्या कोंदट हवेलीत मामाच्या धाकात वाढलेली मॉड. एक भामटा सूला मॉडची दासी म्हणून तिथे घुसवतो. बेत असा की सूने मॉडला त्याच्याशी लग्नाला राजी करायचं, मग त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकून तिचा वारसा लाटायचा.

बेत ओढूनताणून वाटत नाही, कारण तेव्हाचा कायदाच त्याला धार्जिणा होता. लग्न झालं की बायकोचा रोख पैसा नवऱ्याचा. विवाहितेच्या मालमत्तेचा पहिला कायदा इंग्लंडात आला १८७० साली. खासगी इस्पितळात कोंडायला घरच्याचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. या कादंबरीतली भीती ती या कागदांची. अंधारे जिने, थंड खोल्या, वेळेची पकड घेतलेलं घड्याळ हे सगळं आहेच, पण ते नेपथ्य.

सू आणि मॉडच्या मैत्रीचं प्रेम होतं ते मोठ्या संवादांतून नव्हे, हातांतून. मामाच्या पुस्तकांना बोटं लागू नयेत म्हणून मॉडला लहानपणापासून हातमोज्यांची सक्ती. तिचा एक टोकदार दात तोंडात लागतो, तेव्हा सू अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) घालून तो घासून देते. पान-दीड पानाचा प्रसंग, पण पुढच्या शय्यादृश्यापेक्षा जास्त धग त्यातच आहे. आणि दोघी एकमेकींना फसवत असताना हे वाढत जातं, म्हणून ‘आता बोलून टाक ना’ अशी तगमग वाचणाऱ्याची होते.

खटकतं ते दुसऱ्या भागात. निवेदक बदलतो आणि ओळखीचे प्रसंग पुन्हा येतात. काही ठिकाणी नवा अर्थ हाती लागतो, काही ठिकाणी नुसती उजळणी. इस्पितळाचा भागही आणखी थोडक्यात आटपता आला असता. सूच्या तोंडची चोरबाजारातली बोली सुरुवातीला अडते. ‘फिंगरस्मिथ’ म्हणजे खिसेकापू, एवढं माहीत असलं की बाकीचं संदर्भाने उलगडतं. शब्दकोश उघडून बसू नका, लय तुटते.

कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनी २०१६ मध्ये ‘द हँडमेडन’ हा चित्रपट करताना ही कथा जपानी अमलाखालच्या कोरियात नेली. तो आधी पाहिला असला तर पहिला धक्का बसणार नाही. तिसरा भाग मात्र नवाच वाटेल. लँट स्ट्रीटवर सूला वाढवणाऱ्या मिसेस सक्सबीचं खरं प्रकरण चित्रपटात नाहीच.