पोरांच्या नावेवर बसणारी मोठी माणसं: बाहेर शिकायला पाठवावी, की आपल्याच तलावावर शिकवावी?

शाळेला किंवा गावातल्या मंडळाला दोन-तीन वल्ह्याच्या नावा मिळाल्या, मच्छीमार संस्थेनं तलावाचा एक कोपरा वापरायला होकार दिला, लाइफ जॅकेटं आली, की पुढं एकच प्रश्न उरतो. पोरांसोबत नावेवर बसणार कोण, आणि त्या बसणाऱ्यांना शिकवणार कोण? भंडारा-गोंदियाकडून ही विचारणा अलीकडे बऱ्याचदा होते, म्हणून लिहितो आहे. आमच्या गावानं दोन्ही वाटा चालून पाहिल्या. आधी आम्ही काही जण किनाऱ्यावरच्या एका निवासी कोर्सला जाऊन आलो. नंतर एका प्रशिक्षकालाच इकडे बोलावलं आणि आमच्या मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, बाकीच्यांना तयार करून घेतलं. पोहता येणं, जॅकेट अंगात असणं, नावेत ठरल्यापेक्षा जास्त माणसं न बसवणं या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो.

मोठं माणूस सोबत आहे म्हणजे काळजी नाही, असं पालक सहज म्हणतात. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली, तेव्हा १२ विद्यार्थ्यांसोबत २ शिक्षिकाही बुडून मरण पावल्या. नुसतं सोबत असून भागत नाही. नाव सोडायची की नाही, कोण कुठं बसेल, परत कधी फिरायचं हे ठरवणारं आणि ते ऐकवू शकणारं माणूस लागतं. तयारी करायची ती अशा माणसाची. दोन्ही वाटांकडे मी याच नजरेनं बघतो.

आधी निवासी कोर्सबद्दल. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, जीवरक्षणाचं शिक्षण देणारी राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी पुण्यात आहे, शिवाय किनाऱ्यावर खासगी केंद्रं बरीच. आम्ही गेलो ते खासगीच होतं, नाव कशाला सांगू. एक मात्र मान्य करावं लागेल: बचावाचं शिक्षण तिथल्यासारखं आपल्याकडे मिळणं कठीण. बुडणाऱ्याला आधी हाक द्यायची, मग काठी किंवा वल्हं पुढं करायचं, मग दोरी फेकायची, मग नाव न्यायची, आणि स्वतः पाण्यात उडी अगदी शेवटी. हा क्रम आम्ही ऐकून होतो, पण तिथं तो इतक्या वेळा करून घेतला की आता विचार करावा लागत नाही. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढायची सवय आपल्या गावागावात आहे. ती कशी घातक हे तिथं पुतळ्यावर दाखवून दिलं. पोटातलं पाणी उलटून छातीत जाऊ शकतं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास थांबला असेल तर आधी पाच श्वास तोंडानं द्यायचे, मग छाती दाबायची, ३० दाब आणि २ श्वास या हिशेबानं. गावी परतल्यावर सगळ्यात जास्त उपयोग या एका सत्राचा झाला.

शिवाय कागद मिळतो. मुख्याध्यापक, सरपंच, पालक, सगळे आधी प्रमाणपत्र बघतात, आणि परवानगीच्या अर्जाला ते जोडता येतं. याला कमी लेखू नका.

खर्चाचं फार बोलत नाही. इथून समुद्र गाठायचा तर प्रवासातच दोन-तीन दिवस मोडतात, आणि एका माणसाच्या फी-प्रवासाच्या पैशात प्रशिक्षकाला इथं आणण्याचा बराचसा खर्च निघतो. पण पैशापेक्षा मला एक गोष्ट जास्त खटकली. आमच्याकडे पोरांना सगळ्यात चांगलं सांभाळणाऱ्या ज्या बाया आहेत, अंगणवाडीच्या ताई, आशा ताई, बचत गटातल्या दोघी, त्यांच्यापैकी कुणालाच आठवडाभर घर सोडून जाता आलं नाही. गेलो ते आम्ही पुरुष, तेही बहुतेक मास्तर. म्हणजे कोण किती लायक यापेक्षा कोणाला सुटी मिळते यावर निवड झाली.

हे सगळं चालवून घेता आलं असतं. आमचा काटा झुकला तो वेगळ्याच गोष्टीनं, आणि ती वरवर क्षुल्लक वाटेल. त्या कोर्समध्ये पोरं नव्हती.

तिथं आळीपाळीनं एकेक जण प्रमुख व्हायचा आणि बाकीचे त्याची ‘मुलं’ व्हायचे. ही मुलं म्हणजे फी भरून आलेले, पोहता येणारे, तिशी-चाळिशीतले गृहस्थ. ‘वल्ही वर’ म्हटलं की सगळी वल्ही एका दमात वर. ‘बसा’ म्हटलं की बसले. आपल्याला माणसं सांभाळता येतात असं तिथं प्रत्येकालाच वाटतं, आणि तसं प्रमाणपत्रही मिळतं.

आता सातवीची पोरं नावेत बसवून पाहा. एकाचं वल्हं पुढच्याच्या पाठीत जातं. एका पोरीला पाणकोंबडी दिसते, ती कडेला वाकते, तिच्यामागून तिघं वाकतात. एकाला तलावाच्या मधोमध गेल्यावरच लघवीला लागते. आणि एक पोरगा अगदी गप्प बसलेला असतो. खरी भीती त्याचीच, कारण तो घाबरला आहे हे दंग्यात कुणाला दिसत नाही, आणि नाव जरा कलली की तोच ताडकन उभा राहतो. अशा वेळी शिकून आलेल्या माणसाचा हात आपोआप वल्ह्याकडे जातो. त्याला नाव चालवता येते ना! पण त्यानं वल्हं हातात घेतलं की त्याचं ध्यान पाण्याकडे जातं, निम्म्या पोरांकडे पाठ होते, आणि पोरांनाही समजतं की सर शेवटी स्वतःच चालवतात. मोठ्या माणसानं तिथं हात मोकळे, नजर पोरांवर आणि तोंड आवरतं ठेवायला हवं. आज्ञाधारक गृहस्थांच्या नावेत याचा सराव होऊच शकत नाही.

मी त्या केंद्रात हे विचारलं होतं. लहान मुलांना शिकाऊ माणसांच्या हाती देण्याची जोखीम आम्ही घेत नाही, असं उत्तर आलं. त्यांच्या जागी ते बरोबर असेल. मग ती जोखीम कुणीतरी कुठंतरी पहिल्यांदा घेणारच, आणि ती आमच्या तलावावर, शिकवणारा शेजारी नसताना घेतली जाणार होती. हे मला पटेना.

इथं आलेल्या प्रशिक्षकानं उलट सुरुवात केली. पहिले दिवस फक्त मोठी माणसं, कमरेएवढ्या पाण्यात नाव मुद्दाम उलटवणं, उलटल्यावर नावेला धरून राहणं, सगळ्यांची मोजणी करणं. त्यानंतर त्यानं नववी-दहावीतली, चांगली पोहणारी पोरं बोलावली आणि त्यांना गुपचूप कामं वाटून दिली. तू मध्येच उभा राहा, तू वल्हं पाण्यात सोडून दे, तू काहीच बोलू नको. नावेतल्या ताईला किंवा मास्तराला यातलं काही माहीत नाही. तो स्वतः दोरी घेऊन शेजारच्या डोंग्यात. अधूनमधून फक्त ओरडायचा, ‘मोजा!’ त्या क्षणी किती पोरं आणि कोणाची जोडी कोण हे सांगता आलं पाहिजे. अंगणवाडीच्या ताई यात आम्हा कोर्सवाल्यांपेक्षा कितीतरी पुढं निघाल्या, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

डोंगा वल्हवत होते आमच्या ढिवर, म्हणजे मच्छीमारांच्या, मोहल्ल्यातले एक काका. मी सवयीनं वल्ह्याला हात घातला की ते तिकडून म्हणायचे, ‘गुरुजी, तुमी हात मांगं घ्या जी. पोट्टे चालवतेत बराबर.’ अख्ख्या शिबिराचं सार म्हणावं असं हे वाक्य, आणि ते प्रशिक्षकाचं नव्हतं.

तलावाची ओळख हा दुसरा फायदा. समुद्रावर भरती-ओहोटी शिकवतात, ती आपल्या कामाची नाही. आपल्याला लागतं ते वेगळं. शिंगाड्याच्या वेली कुठवर आल्या, संस्थेची जाळी कोणत्या बाजूला लावलेली असतात, पाणी उतरलं की जुने खुंट कुठं वर येतात, बेशरमाच्या झुडपांत नाव शिरली तर ती मागं कशी घ्यायची. आणि वारा. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून वावधन सुटतं तेव्हा तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, त्याची चाहूल कुठल्या बाजूनं लागते हे ढिवर सांगतात, हवामानाचं ॲप सांगत नाही. १९१२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात थेम्सच्या मुखाजवळ लेसडाउनला स्काउटांची नाव अशाच अचानक आलेल्या वाऱ्यानं उलटली आणि नऊ मुलं बुडाली. मोठी माणसं त्याही नावेत होती.

तरी इथली वाट निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. घरच्या तलावावर शिबिर म्हटलं की कुणी दहाला येतं, कुणाचा फोन वाजतो, कुणाला धानाच्या वावरात जायचं असतं. बाहेरगावी माणूस अडकलेला असतो, म्हणून शिकतो. प्रशिक्षक कसा मिळतो यावरही फार अवलंबून. आमचं नशीब बरं होतं, तुमचं तसंच असेल असं सांगता येत नाही. कागद मिळाला तो साध्या हजेरीचा. आणि एक अडचण अशी की ढिवर काका जन्मभर जॅकेटाशिवाय डोंग्यात उभे राहत आले. पोरं त्यांच्याकडे बघतात. पुष्कळ विनवण्यांनंतर त्यांनी जॅकेट घेतलं, तेही दुपट्ट्यासारखं नुसतं खांद्यावर टाकलेलं. बंद लावून घ्यायला आणखी काही दिवस गेले.

तिसरा पर्याय म्हणून काही जण आपदा मित्रांचं नाव घेतात. शासनाच्या त्या योजनेत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. तुमच्या गावात असा कुणी असेल तर बचावाच्या नावेवर त्याला जरूर बसवा. पण ते शिक्षण पूर-आपत्तीचं आहे. चौदा वर्षांच्या पोरीला नावेचं सुकाणू सोपवून गप्प कसं बसायचं, हे त्यात नसतं, असण्याचं कारणही नाही.

मला विचाराल तर, मोटारबोट घेणार असाल किंवा गोसीखुर्दसारख्या अफाट पाण्यावर जाणार असाल, तर बाहेरचा कोर्स टाळू नका. इंजिनाचा पंखा पाण्यातल्या पोरापासून लांब कसा ठेवायचा हे गावात शिकण्यासारखं नाही. वल्ह्याच्या नावा आणि मामा तलाव एवढंच असेल, तर दोघांना फक्त बचाव आणि प्रथमोपचारासाठी बाहेर पाठवा. बाकी पैसा प्रशिक्षकाला इकडे आणण्यात घाला. दोघांना अशासाठी की एक आजारी पडला तर नावा बांधून ठेवाव्या लागू नयेत. अमेरिकेतल्या स्काउटांच्या नियमात दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित मोठं माणूस आणि एकूण कधीच दोनपेक्षा कमी नाही, असं आहे. आम्ही तेच धरलं, पण नावा लहान असल्यानं प्रत्यक्षात माणसं जास्तच लागतात. इतकी माणसं बाहेर पाठवून तयार करणं आम्हाला तरी जमलं नसतं.

प्रशिक्षक ठरवताना त्याला एकच विचारा: शेवटच्या दिवसांत पोरं नावेत बसवणार का? तो आढेवेढे घेत असेल तर दुसरा बघा. आणि शिबिर धान कापणी आटोपल्यावर ठेवा. तेव्हा तलाव बऱ्यापैकी भरलेला असतो, वारा शांत असतो आणि बाया-माणसं मोकळी असतात. पाणी मात्र सकाळी गार असतं, म्हणून नाव उलटवायचा सराव दुपारी घ्या.