प्राचीन इजिप्शियनांचा वंश: २०१७ चा अभ्यास की २०२५ चा?
भाची विचारते, निबंधासाठी कुठला धरू?

संख्येत २०१७ चा पुढे: इजिप्तमधल्या अबुसिर अल-मलेक गावच्या ९० ममींचा मातृवंशीय (फक्त आईकडून येणारा) डीएनए. पण जीनोमभरची, म्हणजे सगळ्या डीएनएची, माहिती फक्त तिघांची. २०२५ च्या अभ्यासात इजिप्तमधल्याच नुवेरात गावचा एकटाच माणूस. मात्र दाताच्या मुळातून त्याचा अख्खा जीनोम वाचला.

काळात खरी गंमत. तो इ.स.पू. २८५५–२५७० मधला, म्हणजे पिरॅमिडांच्या उंबरठ्यावरचा: सुमारे ८०% उत्तर आफ्रिकी, २०% मेसोपोटेमियाकडचा. ममी खूप नंतरच्या, रोमन काळापर्यंतच्या, पश्चिम आशियाशी जवळच्या; आजच्या इजिप्शियनांत सहाराच्या दक्षिणेकडचा वंश त्यांच्याहून जास्त.

दोन्ही एकेकाच गावचे. फॅरोंच्या रंगावरून भांडणाऱ्यांनी यांना ओढू नये.

मुळं शोधायची तर २०२५; आजच्यांशी तुलना हवी तर २०१७.