प्लांटेड टँक हॉलमधून मागच्या खोलीत: शिफ्टिंगवाल्यांचा अनुभव, 5 पैकी 3 स्टार

आधी सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही, लातूर केवढंसं, ज्याला कळायचं त्याला कळेल. ऑनलाइन जाहिरात होती, फिश टँक बसवणं, सफाई अन शिफ्टिंग. माझा टँक प्लांटेड, म्हणजे आत खरी झाडं लावलेला, 36 बाय 18 बाय 18 इंची, अडीच वर्षं जुना, तळाला माती अन वर बारीक खडी, झाडं म्हणजे क्रिप्ट, व्हॅलिस, लाकडाला बांधलेलं अनुबियास, मासे म्हणजे रमीनोज, कॉरी अन थोडे निऑन. हॉलची पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलासुद्धा हाताला चटका देते, मागच्या उन्हाळ्यात पाणी 33 डिग्रीला गेलं अन मासे पार वर येऊन तोंड वासायला लागले, म्हणून यंदा मार्चमध्येच मागच्या खोलीत न्यायचं ठरवलं. अंतर मोजून बावीस पावलं. पण बावीस पावलांसाठीच माणसं बोलवावी लागतात कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, भरलेला टँक स्टँड सोडून दोनशेच्या वर जातो, तो तसाच उचलला की तळाच्या काचेला नाहीतर सिलिकॉनच्या जोडाला पीळ बसतो, अन तो चीर आठ दिवसांनी रात्री दोन वाजता दाखवतो.

1500 रुपये ठरले. सकाळी दहाला सांगितलं होतं, साडेबाराला आले, तीन पोरं, चौथा मी. उशीर सोडला तर उचलायच्या कामात पोरं एक नंबर, खोटं का बोलू. आधी पाणी पाइपनं काढलं, एक तृतीयांश राहिलं तेव्हा मासे धरले (भरल्या टँकमध्ये जाळी घेऊन मागं पळणाऱ्यांनी हे शिकावं, झाडं उपटत नाहीत अन मासेही दमत नाहीत). मग पाणी पार मातीला टेकवलं, माती अन झाडं जागेवरच ठेवली, झाडांवर ओले पेपर पसरले. तरी काच, ओली माती, दगड धरून 80-90 किलो असेल. स्टँड आधी न्यायचा तर टँक कुठं ठेवायचा, तर आजीची जाड गोधडी चौघडी करून खाली घातली अन त्यावर टेकवला. तळाखाली हात घालून चौघांनी एका दमात उचलायचा, वरच्या कडेला धरायचं नाही, हे त्यांनी मलाच दरडावून सांगितलं. बरं वाटलं.

जुनं पाणी मी दोन टिपाडांत धरून ठेवलं होतं, शंभर-एकशेदहा लिटर, मासेही त्यातच सोडलेले. पोरगं म्हणे कशाला, फेकून नवीन भरू. म्हणलं बाबा, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, इथं पाणी फेक म्हणलं की माय घरात घेणार नाही. अन ते सोडा, आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षाराचं आहे, एकदम सगळं बदललं तर माशांना झटका बसतो. वरचं पन्नासेक लिटर आदल्या दिवशी नळाचं भरून उघडं ठेवलं होतं, क्लोरीन उडावं म्हणून.

आता गडबड. मी टिपाडाला एअर पंप लावूलालो होतो, तेवढ्यात बाथरूममधून नळाचा आवाज. जाऊन बघतो तर एक पोरगं माझा कॅनिस्टर (टँकबाहेरचा डब्यासारखा फिल्टर) उघडून आतला स्पंज नळाखाली धरून चोळूलालंय! फेसाळलेलं तपकिरी पाणी मोरीत चाललेलं, अन ते खुश, "दादा, लई घाण होती, एकदम नवा करून देतो." अरे ती घाण नव्हती बे, तोच टँक होता. मासे कल्ल्यांतून जो अमोनिया सोडतात अन विष्ठेतून जो होतो तो खाणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच, ते स्पंजवर, फिल्टरमधल्या रिंगांवर अन मातीत चिकटून असतात, नळाचं क्लोरीन लागलं की त्यातले बरेच खलास. सिरॅमिक रिंगा तेवढ्या वाचल्या, त्या टँकच्या पाण्याच्या बकेटीत घालून वर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला, कारण बंद डब्यात फार वेळ ठेवल्या तर त्यांच्यावरचे जिवाणू ऑक्सिजनवाचून तसेही मरायला लागतात.

दुसरं म्हणजे टिपाडावर झाकण टाका म्हणून सांगितलं होतं, टाकलं नाही. एक रमीनोज संध्याकाळी चपलांच्या स्टँडमागं सापडला, वाळून काडी झालेला, लाल नाक तेवढं ओळखू येत होतं.

मागच्या खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे, एका कोपऱ्यात बसलेली. अर्धं पाणी भरलं तर डावीकडं रेघ बोटभर वर. पोरं म्हणे चालतंय. नाही चालत, वजन एकाच जोडावर येतं. परत रिकामा करून स्टँडच्या पायाखाली पट्टी सारली, काचेखाली नाही. हे मात्र न कुरकुरता केलं. पाणी मातीवर ताट ठेवून हळूहळू ओतलं तरी दिवसभर ताकासारखं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी अमोनियाच्या टेस्टला पिवळ्याऐवजी (पिवळं म्हणजे अमोनिया नाही) हिरवट झाक आली, अन ते स्पंजाचंच फळ असं माझं मत. रोज चौथाई पाणी बदललं, खाणं जवळपास बंद, लाइट सहाच तास. सहाव्या दिवशी पिवळं. क्रिप्टची पानं मात्र विरघळून शेंबडासारखी झाली, मालकाला फोटो पाठवला तर म्हणे झाडं मेली, 1200 मध्ये नवीन लावून देतो. अहो क्रिप्ट जागा-पाणी बदललं की पानं टाकते, मूळ जिवंत असतं, हे झाडं विकणाऱ्याला माहीत नसावं? सडकी पानं कापली, तीन आठवड्यांत तिथूनच तांबूस कोंब आले.

तर उचलण्याचे 3 स्टार, बाकीचे 2 मोरीत गेले. बोलवायचं असेल तर बोलवा, फक्त फिल्टर स्वतःच्या ताब्यात ठेवा. परवा त्याच पोराचा फोन आला, कुणाच्या तरी घरून, हळू आवाजात, "दादा, ते स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचं म्हणला होतात ना?" म्हणलं हाव, अन टिपाडावर झाकण टाक.