हिरव्या स्टिकरखालचा टायर

इंदूरमध्ये ई-स्कूटरचा मागचा टायर बदलायचा असेल, तर ‘बारा इंची’ या शब्दावर पैसे देऊ नका. या एका शब्दावर मला 2,650 रुपयांना गंडवलं.

माझ्या स्कूटरला पुढे 90/90-12 आणि मागे 100/80-12 अशी दोन वेगळी मापं लागतात. गाडीच्या पुस्तिकेत ती छापलेली आहेत, जुन्या टायरच्या कडेवरही होती. मागचा टायर मधोमध गुळगुळीत झाला होता. शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले आणि स्पष्ट सांगितलं, “पीछे का चाहिए, सौ-अस्सी-बारह.” गल्ल्यावरच्याने मान डोलावली. “हो जाएगा भाभीजी, बारह इंची ईव्ही स्पेशल है अपने पास. आप बैठो, चाय पियो.” गाडी आत नेली.

ईव्हीसाठी वेगळे टायर निघतात, हे खोटं नाही. चाक कमी शक्तीत फिरावं आणि एका चार्जमध्ये गाडी थोडी जास्त धावावी, म्हणून त्यांचं रबर वेगळं बनवतात. तेवढ्या खऱ्यावर ही थाप उभी राहते. माझ्या गाडीला चढवलेल्या टायरच्या कडेवर विजेचं चिन्ह असलेलं हिरवं स्टिकर होतं आणि वरून पॉलिश असं फासलेलं की टायर नुसता चकाकत होता. टायरचे 2,300 आणि ‘ईव्ही का पहिया खोलने का’ म्हणून वेगळे 350.

पक्कं बिल मागितलं, तर म्हणे अठ्ठावीस टक्के वरून लागतील. टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, आणि छापील किमतीत कर धरलेलाच असतो. हे मी त्याला तिथंच ऐकवलं. मग त्याची ‘सिस्टम’ बंद पडली. “कल व्हॉट्सॅप पे भेज दूँगा.” हातात एक चिठ्ठी दिली: टायर ईव्ही 12 इंची, नग 1. जुना टायर परत मागितला, तर तो अर्ध्या तासात कबाडीवाला घेऊनही गेला होता! इतका तत्पर कबाडी आमच्या इंदुरात आजवर मी पाहिला नाही.

बिल अर्थातच आलं नाही.

पहिल्या चांगल्या पावसात महू नाक्याच्या चौकात, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक लावताच गाडीचा मागचा भाग सरकला. पडले नाही, पण घरी येऊन ह्यांना म्हटलं, नव्या टायरची ही तऱ्हा कशी? दुसऱ्या दिवशी लोकमान्य नगरच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. तो खाली वाकला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, हा उलटा कुणी चढवला?”

टायरच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. माझा बाण मागे तोंड करून होता. खाचा अशा कोरलेल्या असतात की एका दिशेने फिरताना पाणी बाहेर फेकलं जावं. टायर उलटा बसवला की ते काम बिघडतं. मला वाटलं, पोराने घाईत चढवला असेल. मेकॅनिकने मोबाइलचा टॉर्च लावून आतल्या, बेल्टच्या बाजूला पाहिलं आणि हसला. लंबगोल चौकटीत चार आकडे होते: 2619. म्हणजे 2019 सालच्या सव्विसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हे चार आकडे बहुतेक टायरवर एकाच कडेला असतात. ती कड आत लपवायची, म्हणून अख्खा टायर उलटा बसवलेला. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते. वरची चकाकी पॉलिशची.

मग त्याने नखाने ते हिरवं स्टिकर सोलून काढलं. खाली 90/90-12. म्हणजे पुढच्या चाकाचं माप मागे.

इथे जरा गणित बघा, कारण खरी लबाडी याच गणितात आहे. 100/80-12 मध्ये 100 ही मिलिमीटरमधली रुंदी, 80 म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या 80 टक्के, आणि 12 हा रिमचा व्यास इंचांत. रिम 305 मिलिमीटर धरा, त्यात दोन्ही बाजूंचे 80-80 मिळवा, चाकाची उंची 465. आता 90/90-12 घ्या: 90 चे 90 टक्के 81, म्हणजे 305 अधिक 162, उंची 467. फरक दोन मिलिमीटर! दोन्ही शेजारी उभे केले तरी उंचीवरून ओळखू येणार नाहीत, आणि दोन्ही त्याच रिमवर चढतात. कमी होते ती रुंदी, पूर्ण एक सेंटिमीटर, आणि बॅटरीचं ओझं वाहणाऱ्या मागच्या चाकाला नेमकी तीच हवी असते. मापाच्या पुढे भाराचा आकडाही असतो, म्हणजे टायर किती वजन पेलेल ते. 54 असेल तर 212 किलो, 56 असेल तर 224 किलो. माझ्या स्टिकरखाली 54 होता. 90/90-12 हे माप साध्या पेट्रोल स्कूटरांनाही चालतं, ते दुकानांत पडून असतं आणि स्वस्त मिळतं. खपत नसलेला जुना माल ‘ईव्ही’ म्हणून महागात काढायची ही सोय.

टायर घेऊन दुकानात गेले. तोच माणूस, पण ओळख नाही. “बिल में साइज लिखा है क्या? बारह इंची लिखा है, बारह इंची दिया है.” पैसे ज्या क्यूआरवर पाठवले होते, त्यावर दुकानाचं नाही, भलत्याच कुणाचं तरी नाव होतं. तेव्हा कळलं, चिठ्ठीवर ‘12 इंची’ एवढंच का लिहिलं होतं.

तरी पुरावा अगदीच नव्हता असं नाही. सोललेल्या स्टिकरसकट मापाचा फोटो, 2619 चा फोटो, उलट्या बाणाचा फोटो, यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी, एवढं घेऊन मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

नवा टायर दुसऱ्या दुकानातून घेतला. चढवण्याआधी उजेडात आणून माप, भाराचा आकडा, आयएसआयचा शिक्का आणि आठवडा-वर्ष स्वतः वाचलं. ते सगळं बिलावर लिहून घेतलं, आणि यंत्रावर चढवताना समोर उभी राहिले. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण लिहून दिलं. चाक खोलायचे त्याने 150 घेतले, जुना टायर न मागता डिकीजवळ बांधून दिला.

तक्रारीनंतर पहिल्या दुकानातून फोन आला. हजार रुपये घ्या आणि विषय मिटवा. मी म्हटलं, पूर्ण 2,650 आणि सोबत पक्कं बिल, त्यावर 90/90-12 आणि 2619 लिहून. त्याने फोन ठेवला. तक्रार अजून चालू आहे.