वरातीत अहिराणी गाणी नीट ऐकायची असतील तर हा बँड सांगा

पुतण्याच्या लग्नाला आम्ही ही बँड पार्टी सांगितली होती. लग्न मे महिन्यातलं, अमळनेर तालुक्यात. घरातल्या पोरांना डीजे हवा होता. मी आणि मोठ्या वहिनी मात्र बँडवर अडून बसलो. नात्यातल्या एका लग्नात डीजेच्या दणक्यात गाण्याचा एक शब्द कळला नव्हता, म्हातारी माणसं कानात बोटं घालून अर्ध्या वाटेवरून घरी गेली होती.

अहिराणी गाण्यातून शब्दच गेले तर उरतं काय? आताची ही गाणी आपल्या घरातल्या बोलण्यातली आहेत, थट्टामस्करीची, लाडीगोडीची. ‘हाई झुमका वाली पोर’ रीलमधून कुठल्या कुठे पोचलं, ज्यांना अहिराणी येत नाही तेही त्यावर नाचतात. पण तेच गाणं समोरचा माणूस गातो तेव्हा अंगावर येतं. या बँडचा गायक कॉर्डलेस माइक घेऊन गाडीवरून खाली उतरतो, नाचणाऱ्यांत मिसळतो आणि एकही शब्द खात नाही.

मला सगळ्यात भावला तो ट्रम्पेटवाला. आपल्याकडच्या मेमधल्या उन्हात ट्रम्पेट तापला की त्याचा सूर चढतो, कॅसिओचा, म्हणजे कीबोर्डचा, सूर मात्र जागचा हलत नाही. दोन्ही एकत्र वाजले की कानाला खुपतं आणि आपण बँड बेसूर म्हणून मोकळे होतो. हा गडी दर गाण्याआधी कॅसिओवाल्याकडून सूर मागून घ्यायचा, ट्रम्पेटची वाकडी नळी जेमतेम करंगळीच्या पेराएवढी बाहेर ओढायचा, हळूच फुंकून बघायचा आणि जुळलं की मान हलवायचा. विचारलं तर म्हणाला, “उनमा सूर चढस, नाना.” मोबाईलवर दोन कडव्यांच्या मधे कीबोर्डवर जी धून वाजते, ती त्यानं ट्रम्पेटवर घेतली आणि क्लॅरिनेटवाल्यानं तिला उत्तर दिलं. तेवढ्यासाठी मी पुन्हा यांनाच सुपारी देईन.

जुनं मागितलं तर तेही येतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशातली कानबाई देवी बसते तेव्हाची गाणी वहिनींनी सांगितली. गायकानं लय उतरवली, ढोल बाजूला ठेवायला लावला, आणि बायका भर रस्त्यात फुगडीला उभ्या राहिल्या.

उणं एकच, पण मोठं: गायिका नाही. बाईच्या ओळीही तोच गडी गातो, त्यामुळे सवालजवाबाच्या गाण्याची अर्धी गंमत जाते. एखादी मुलगी सोबत घेतली तर यांना जिल्ह्यात तोड राहणार नाही. हिंदी गाणी साधारणच वाजवतात, ती मागू नका. सुपारी देतानाच अहिराणी गाण्यांची यादी हातात द्या, नाहीतर सुरुवातीचा वेळ हिंदीतच जातो. स्पीकरचा आवाज कमी करा म्हटलं की लगेच करतात. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी असते, हळदीच्या रात्री तो काटाही त्यांनी आम्ही न सांगता पाळला.

आमचं ३५ हजारांत ठरलं, गाडीभाडं त्यातच आलं, जेवण आपल्याकडे. दाट तिथींना हे मिळत नाहीत, तेव्हा तारीख निघाली की आधी यांना फोन करा, मंडपवाल्याला नंतर.